मुगाचं वरण मिळून येत नाही? शिट्ट्या वाढवण्याआधी हे तपासून पाहा

भाताची मूद पाडायची, वर वरण घालायचं, आणि पिवळं पाणी ताटभर पसरून डाळ तेवढी मुदीवर राहायची. आमच्या घरी हे सलग तीन महिने चाललं होतं. डाळ मुगाची, म्हणजे शिजायला सगळ्यात सोपी. तुरीपेक्षा लवकर होते, भिजवली नाही तरी चालते, बाळाला आणि दुखणेकऱ्याला सगळ्यात आधी तीच देतात. सासरे तेव्हा नुकतेच मोठ्या आजारातून उठले होते आणि दोन्ही वेळा त्यांचं जेवण म्हणजे मऊ भात आणि मुगाचं वरण, एवढंच होतं. ते काही बोलायचे नाहीत, पण जेवण झाल्यावर वाटीच्या तळाशी डाळीची कणी उरलेली दिसायची. मग मी दुसऱ्या दिवशी कुकरची एक शिट्टी वाढवायचे. तीनच्या चार झाल्या, चारच्या सहा, शेवटी आठ. वरण काही मिळून आलं नाही.

आज कळतं की मी भलतीकडेच शोधत होते. न मिळून आलेलं वरण ताटात एकसारखंच दिसतं, पण त्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असतात. एकात डाळ शिजलेलीच नसते. दुसऱ्यात ती पूर्ण शिजलेली असते, पण पाण्याशी एकजीव झालेली नसते. पहिल्या बाबतीत कितीही घोटा, कणी राहणारच. दुसऱ्या बाबतीत कितीही शिट्ट्या काढा, पाणी वर येणारच. म्हणून उपायाला हात घालण्याआधी आपल्याकडे यातलं कोणतं आहे ते ठरवायचं, आणि ते एका दाण्यावरून ठरतं.

एक दाणा बोटात धरा

कुकर उघडल्यावर डाव किंवा रवी घालायच्या आधी तळाचा एक दाणा काढा. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. नीट शिजलेली मूगडाळ नुसत्या दाबानं लोण्यासारखी पसरते, आणि बोटं एकमेकांवर चोळली तर काही खरखरत नाही. बोटचेपी म्हणतात ती हीच. दाणा दबला, पण बोटांना मधे बारीक रव्यासारखं काही लागलं, तर डाळ शिजलेली नाही, मग शिट्ट्या कितीही झालेल्या असोत. कधी कधी फोडलेल्या दाण्याच्या मधोमध फिकट पांढरा ठिपका दिसतो. तो कच्चा राहिलेला गाभा.

डाळीच्या दाण्यात अतिशय बारीक पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. प्रत्येक पेशी म्हणजे पिष्ट आणि प्रथिनं भरलेली एक पिशवी समजा. पिशव्यांना धरून ठेवणारा डिंक म्हणजे पेक्टिन, ज्याच्यामुळे पेरूची जेली आळते तेच. डाळ शिजते तेव्हा उष्णतेनं हा डिंक सुटतो, पिशव्या मोकळ्या होतात आणि दाणा मऊ पडतो. पण पिशव्या अजून बंदच असतात. पिष्ट आतच राहतं, त्यामुळे भोवतीचं पाणी पातळच दिसतं. रवीनं घोटल्यावर पिशव्या फुटतात, पिष्ट पाण्यात उतरतं, पाणी दाट होतं आणि त्या दाटपणात डाळ तरंगून राहते. शिजवण्याचं काम डिंक सोडवण्याचं, घोटण्याचं काम पिशव्या फोडण्याचं. ही दोन कामं एकमेकांच्या बदल्यात होत नाहीत. माझ्या आठ शिट्ट्या वाया गेल्या त्या हे माहीत नव्हतं म्हणून.

दाणा रवाळ लागतो, म्हणजे आधी पाणी बघायचं

आम्ही त्याच सुमारास घर बदललं होतं. जुन्या घरी नगरपालिकेचं नळाचं पाणी, इथे बोअरचं. कुकर तोच, गॅस तोच, डाळही नेहमीच्याच दुकानातली. माझा संशय मात्र डाळीवर. तीन वेळा डाळ बदलली, एकदा दुकानही बदललं. शेवटी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, दुकान बदलून काय होणार? तिथे साबणाला फेस येतो का?" येत नव्हता. बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरत होती, नळाच्या तोंडाशी खरपुडी जमत होती. "मग डाळ कशी शिजेल?" आई म्हणाली. तिच्या माहेरच्या गावात कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायचं. पाण्याला दोन कोस जावं लागलं तरी डाळीपुरती कळशी त्या विहिरीचीच यायची.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. हे क्षार, त्यातही कॅल्शियम, पेक्टिनला जाऊन चिकटतात आणि डिंक आणखी घट्ट करतात. मग तो उष्णतेनं सुटत नाही. आपण शिट्ट्या वाढवतो तसा दाणा बाहेरून झिजतो, पाणी गढूळ होतं, पण आतली कणी तशीच राहते. पाणी पिण्याला चांगलं आहे, एवढ्यावर इथे भागत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्यातल्या या क्षारांच्या प्रमाणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. चारशे-पाचशे कठीणपणाचं पाणी त्या सवलतीत बसतं, पण डाळीला ते जड जातं.

पाण्याचा दोष आहे की नाही हे एका कुकरमध्ये, एकाच वेळी कळतं. मी केलं ते असं. दोन सारख्या स्टीलच्या वाट्या घेतल्या. दोन्हींत दोन-दोन चमचे मूगडाळ, एकाच डब्यातली. एका वाटीत बोअरचं पाणी, दुसरीत पिण्याच्या फिल्टरचं, दोन्ही मोजून सारखंच. दोन्ही वाट्या कुकरच्या जाळीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तेव्हा बघूनच कळलं. फिल्टरच्या वाटीतले दाणे फुलून एकमेकांत मिसळले होते, कडा विरघळल्यासारख्या. बोअरच्या वाटीत प्रत्येक दाणा वेगळा, आकार शाबूत, वर नितळ पिवळं पाणी. चमच्यानं दाबल्यावर एक वाटी पिठल्यासारखी झाली आणि दुसरीतले दाणे चमच्याखालून निसटले. डाळ तीच, आच तीच, वेळ तीच, भांडंही तेच. फरक पाण्याचाच उरला.

तुमच्याकडे दोन्ही वाट्या सारख्याच निघाल्या, तर पाण्याला दोष देऊ नका, पुढे वाचा. फरक दिसला तर उपाय सोपा आहे, कारण एक वाटी डाळीला पाणी लागतं जेमतेम अडीच-तीन वाट्या. तेवढंच फिल्टरचं घ्या. आरओचं पाणी असेल तर उत्तम. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनं मात्र क्षार जात नाहीत, तो फक्त गाळ अडवतो. आरओ नसेल तर आदल्या रात्री पातेलंभर पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवा. सकाळी तळाला पांढरा साका बसलेला दिसेल. तो न ढवळता वरचं पाणी अलगद ओतून घ्या. उकळून जातो तो कठीणपणा बायकार्बोनेटचा. सल्फेट आणि क्लोराईडचे क्षार उकळून जात नाहीत, त्यामुळे काही बोअरच्या पाण्याला या उपायानं थोडाच फरक पडतो. दोन वाट्यांच्या परीक्षेत तिसरी वाटी उकळलेल्या पाण्याची ठेवली की तेही कळतं.

यात दोन गोष्टी बऱ्याचदा सुटतात. डाळ भिजवत असाल तर भिजवायचं पाणीही चांगलंच हवं. बोअरच्या पाण्यात तासभर भिजवून मग फिल्टरच्या पाण्यात शिजवली, तर कॅल्शियम आधीच दाण्यात शिरलेलं असतं. आणि कुकरच्या तळाशी, डब्याखाली घालतो ते पाणी कोणतंही चालतं. त्याचा डाळीशी संबंध येत नाही, तिथे चांगलं पाणी वाया घालवू नका.

पाणी ठीक, तरी दाणा टणक

मग डाळ जुनी आहे. उष्ण आणि दमट हवेत महिनोन् महिने पडून राहिलेल्या कडधान्यात एक बदल हळूहळू होत जातो. दाण्यातल्या फायटेट नावाच्या घटकानं धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन बसतं. म्हणजे बोअरच्या पाण्यानं बाहेरून जे केलं असतं तेच आतून घडतं. हा बदल उलटा फिरवता येत नाही. अशी डाळ कितीही भिजवली तरी नव्या डाळीसारखी होत नाही.

महाराष्ट्रात मूग मुख्यतः खरिपाचं पीक. जून-जुलैत पेरणी, साधारण ६० ते ७० दिवसांत काढणी, आणि गणपतीच्या आगेमागे नवा मूग बाजारात येऊ लागतो. पाकिटावर असते ती भरल्याची तारीख, शेतातून निघाल्याची नव्हे, त्यामुळे नुकतं भरलेलं पाकीटही जुन्या मालाचं असू शकतं. माझा सल्ला असा की मूगडाळ एका वेळी महिना-दीड महिना पुरेल इतकीच आणावी, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवावी. शेगडीवरच्या फडताळात ती दिसायला हाताशी असते, पण रोजची वाफ आणि ऊब तिलाच लागते. जुन्या डाळीच्या डब्यात नवी डाळ ओतू नये, हेही महत्त्वाचं. मिसळली की जुनी उशिरा शिजते, नवी आधी विरघळते, आणि वरणात एकाच वेळी पीठही लागतं आणि कणीही.

जुनी डाळ घरात आहेच तर टाकू नका. ती तीन-चार तास भिजवून, वाटून धिरडी करा. वाटल्यावर न शिजण्याचा प्रश्नच उरत नाही.

आंबट, मीठ आणि सोडा

टोमॅटो, चिंच, आमसूल, कैरी यांतलं काहीही डाळीबरोबर कुकरला लावू नये. आंबट पाण्यात पेक्टिन फार हळू सुटतं. आमटी करायची असेल तर डाळ आधी नुसती शिजवा, घोटा, आणि आंबट नंतर उकळी येताना घाला. वेळ वाचवायला सगळं एकत्र लावण्याची सवय लागली असेल, तर रवाळ वरणाचं कारण तिथेच सापडेल.

मिठाबद्दल मात्र गैरसमज आहे. मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही, असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मिठातलं सोडियम उलट पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि दाणा मऊ व्हायला मदतच करतं. मी मीठ नंतरच घालते, पण ते चवीचा अंदाज नीट यावा म्हणून. आधी घातलं तर काही बिघडत नाही.

सोड्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. खायचा सोडा घातला की डाळ झटपट मऊ होते हे खरं, कारण अल्कलीत पेक्टिन पटकन सुटतं. पण डाळीतलं बी१ जीवनसत्त्वही त्यानं नष्ट होतं, आणि ज्यांना आपण मुगाचं वरण मुद्दाम देतो, त्या लहान मुलांना आणि आजाऱ्यांना ते हवं असतं. शिवाय जरा जास्त झाला की वरणाला साबणासारखी चव येते आणि हळदीचा रंग पिवळ्याचा लालसर होतो. खानावळीतलं वरण कधी विटकरी झाक मारताना दिसलं तर कारण बहुधा हेच. पाणी बदलण्याचा कोणताच मार्ग नसेल तर वाटीभर डाळीला जेमतेम चिमूट, त्याहून एक कणही जास्त नाही.

शिट्टी म्हणजे वेळ नव्हे

कुकरमध्ये दाबामुळे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण शिट्टी किती वेळात होते ते आच, कुकरचा आकार आणि आतल्या पाण्यावर ठरतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि मधल्या डब्यातली डाळ अजून पुरती तापलेलीही नसते. डब्यात लावलेल्या मूगडाळीला पहिली शिट्टी झाल्यावर आच बारीक करून आठ ते दहा मिनिटं द्या. थेट कुकरमध्ये लावली असेल तर पाच-सहा पुरतात. नंतर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. त्या जिरण्यातही डाळ शिजत असते.

उघड्या पातेल्यात शिजवणाऱ्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे त्याहून जास्त. कुकरमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही.

दाणा मऊ आहे, तरी पाणी वर येतं

आता दुसरं कारण. बोटचेपी डाळ आहे, पण वाटीत दहा मिनिटं ठेवली की वर निवळ आणि खाली साका. इथे चूक घोटण्यात किंवा नंतरच्या पाण्यात असते. मला वाटतं निम्म्याहून जास्त घरांत हेच घडत असावं, कारण हल्ली रवी हाताशी नसते आणि आपण डावानं चार वेळा ढवळून पुढे जातो. ढवळणं म्हणजे घोटणं नव्हे. डाव डाळीला फक्त जागा बदलायला लावतो, पिशव्या फोडत नाही.

घोटण्याआधी वरचं पाणी काढा. कुकरच्या डब्यात डाळीच्या वर बोटभर पिवळं पाणी उभं असतं, ते एका वाटीत ओतून बाजूला ठेवा. फेकायचं नाही, तेच परत घालायचं आहे. पातळ पाण्यात रवी नुसती गरगर फिरते आणि दाणे तिच्यापासून पळतात. पाणी काढल्यावर उरते ती दाट डाळ, तिच्यात रवी घातली की दाण्याला पळायला जागा नसते. डाळ वाफाळती असतानाच घोटायची. गार झाली की पिष्ट आळतं, गोळे धरतं, आणि ते गोळे मग उकळूनही सुटत नाहीत. रवी दोन्ही तळहातांत धरून एकदा इकडे एकदा तिकडे, मिनिटभर. सुरुवातीला रवीचा आवाज भांड्यावर खडखड येतो, दाणे दात्यांत अडकतात. मग आवाज दबतो, डाळीचा रंग गडद पिवळ्याचा फिका लोण्यासारखा होतो, आणि रवी उचलली की डाळ तिच्यावरून थेंबानं न पडता सलग धारेनं उतरते. घोटणं इथे थांबवायचं.

रवी नसेल तर पळीची पाठ भांड्याच्या कडेला दाबून डाळ चेपत जा, चालतं. मिक्सर मी वापरत नाही. त्याच्या पात्यानं डाळ फेसाळते, आणि मुगाच्या वरणात जो एखादा मऊ दाणा जिभेला लागायला हवा, तोही राहत नाही.

मग काढून ठेवलेलं पाणी थोडं थोडं करून घाला आणि प्रत्येक वेळी मिसळू द्या. अजून पातळ करायचं असेल तर पाणी आधणाचं हवं, म्हणजे कडकडीत. घोटलेल्या डाळीत माठातलं गार पाणी ओतलं की वरण पातळ झाल्यासारखं वाटतं, पण डाळ आणि पाणी जुळत नाहीत, आणि ताटात वाढेपर्यंत दोघं वेगळी होतात. गार पाणी चुकून पडलंच असेल तर वरणाला पुन्हा खळखळून उकळी आणा आणि तीन-चार मिनिटं ती टिकवा. तसंही पाणी घातल्यावर उकळी हवीच. हिंग, हळद, मीठ आणि आवडत असेल तर गुळाचा खडा घालून मधल्या आचेवर वरण उकळलं की ते मिळून येतं. नुसतं गरम करून वाढलेलं वरण दिसायला ठीक असतं, पण वाटीत गेल्यावर फुटतं.

प्रमाण सांगायचं तर एक वाटी कोरड्या डाळीचं चार वाट्या वरण छान होतं. पाचवी वाटी पाणी घातलं तर उत्तम घोटलेलं वरणही फार वेळ एकत्र राहत नाही, कारण तेवढं पाणी पेलायला पिष्टच पुरत नाही. पाहुणे वाढले आणि वरण वाढवायचं असेल, तर पाण्याऐवजी शिजलेल्या भाताचे दोन चमचे डाळीत घोटून घ्या. चव बदलत नाही आणि वरण धरून राहतं.

शिट्टीतून पिवळं पाणी उडतं

मुगाच्या डाळीला फेस फार येतो. डाळीतल्या प्रथिनांचा आणि सॅपोनिन नावाच्या घटकाचा तो फेस. तो शिट्टीच्या नळीत चढतो, झाकणावर, ओट्यावर, भिंतीवर पिवळे शिंतोडे येतात, आणि नळी तुंबली तर ते धोक्याचं आहे. डाळ तीन-चार पाण्यांनी चोळून धुतली तर फेस कमी होतो. पहिलं पाणी दुधासारखं निघतं, ते जवळजवळ स्वच्छ दिसेपर्यंत धुवा. अर्धा चमचा तेल किंवा तूप घातलं की बुडबुडे टिकत नाहीत. थेट कुकरमध्ये शिजवताना डाळ आणि पाणी मिळून कुकर एक तृतीयांशाहून जास्त भरू नका. घाई असली तरी शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम उतरला की आतली डाळ उसळून नळीतून बाहेर येते. आणि प्रत्येक वेळी शिट्टी काढून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघा. वाळलेली डाळ तिथे सिमेंटसारखी घट्ट बसते.

डब्यात लावायची सवय असेल तर डब्यावर ताटली ठेवली की हा त्रास बहुतेक मिटतो.

मोकळी हवी होती, गिचका झाला

मूगडाळीची परतून केलेली सुकी भाजी किंवा उसळ करताना नेमकी उलट तक्रार येते. इथे कुकर नको. डाळ तासभर भिजवा, चाळणीत निथळा, फोडणीवर परता, आणि पाण्याचा हबका मारून झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर वाफ काढा. आठ-दहा मिनिटांत दाणा शिजतो आणि मोकळा राहतो. मधेमधे ढवळू नका, भांडं धरून हलवा. इथे आंबट आधी घातलं तर फायदाच होतो, कारण आंबट दाण्याचा आकार धरून ठेवतं. चमचाभर लिंबाचा रस परततानाच घाला.

खिचडीत गिचका होत असेल तर डाळ आधी कोरडीच मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजून घ्या. भाजलेली डाळ कमी चिकट होते आणि मुगाचा तो हिरवट, कच्चट वासही जातो. ज्यांना मुगाचं वरण वासामुळे आवडत नाही, त्यांच्यासाठी वरणालाही अशी डाळ वापरून पाहा.

अख्ख्या मुगातला दगडासारखा दाणा

हा प्रश्न फोडलेल्या डाळीचा नाही. अख्ख्या मुगात काही दाण्यांचं साल पाणी आत घेतच नाही. रात्रभर भिजवूनही ते लहान, गडद आणि टणक राहतात. कुचर म्हणतात त्यांना. शिजवूनही ते तसेच राहतात आणि दाताखाली आले तर दात दुखावतो. भिजवलेले मूग परातीत पसरा, न फुगलेले दाणे नजरेला लगेच येतात, वेचून काढा. कोमट पाण्यात भिजत घातले तर असे दाणे कमी निघतात.

उरलेलं वरण

सकाळचं मुगाचं वरण रात्री पिठल्यासारखं घट्ट झालं तर ते बिघडलेलं नाही. गार होताना पिष्ट आळतं, मुगात जरा जास्तच. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात त्याहून लवकर, कारण मुगाचं वरण पटकन आंबतं. काढल्यावर त्यात गार पाणी घालून गॅसवर चढवू नका. तसं केलं की तळाला लागतं आणि वर पाणी सुटतं. आधी पातेल्यात पाव वाटी पाणी उकळा, त्यात वरण घाला, मंद आचेवर चेपून मोकळं करा, मग लागेल तसं आधणाचं पाणी. उकळी आल्यावर रवी चार वेळा फिरवा, आणि उतरवण्याआधी तळाशी पळी घालून काही चिकटलंय का ते बघा.